तुम्ही विचारलंत म्हणून : अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात मॅरियनने ग्रीनपासून घोडे दडवले होते का?

नाही. निदान दोघांच्या पत्रांवरून तरी तसं म्हणता येत नाही. पण "मग ग्रीन खोटं बोलला का?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

एप्रिल १७८१, साउथ कॅरोलायना. नॅथॅनियल ग्रीन दक्षिणेतल्या अमेरिकन फौजेचा सेनापती, फ्रान्सिस मॅरियन मिलिशियाचा, म्हणजे स्थानिक स्वयंसेवकांच्या फौजेचा, ब्रिगेडियर. समोर ब्रिटिशांचा लॉर्ड रॉडन. हा पुढे लॉर्ड हेस्टिंग्ज म्हणून हिंदुस्थानात आला. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हाचा गव्हर्नर जनरल तोच.

२४ एप्रिलला ग्रीन मॅरियनला लिहितो की तुमच्या धैर्याचं कौतुक करावं की हिकमतीचं, हेच कळत नाही. दुसऱ्याच दिवशी हॉबकर्क्स हिलवर रॉडनने ग्रीनला मागे रेटलं. त्यानंतर ग्रीनला त्याचाच एक अधिकारी हेन्री ली याचं पत्र येतं : मॅरियनने मनात आणलं तर दीडशे घोडे देईल, साठ तर सहज. हा ली तेव्हा मॅरियनच्याच सोबतीला होता!

४ मेला ग्रीन साठ-ऐंशी चांगले घोडे मागतो. तेवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. पण टोरींकडून, म्हणजे ब्रिटिशांची बाजू घेणाऱ्या स्थानिकांकडून, घेतलेले घोडे मिलिशियावाले आपलेच म्हणून ठेवतात असं कानावर आलंय, आणि लोकांना लूटच हवी असेल तर सरकारला त्यांचा उपयोग काय, हेही त्याने लिहून टाकलं.

मॅरियनचं ६ मेचं उत्तर सरळ आहे. टोरींचे जे थोडे घोडे मिळाले ते कामावरच आहेत, कुणाच्या खासगीत नाहीत. तरी हुकूम असेल तर ली आणि कॅप्टन कॉनियर्सना सांगून माझ्या माणसांना पायउतार करतो. मात्र ती पुन्हा येणार नाहीत. शिवाय, मी पद सोडतो. पायउतार करायला नेमकं लीचंच नाव! योगायोग की टोमणा, ज्याचं त्याने ठरवावं.

मिलिशियावाला म्हणजे आपल्याकडचा शिलेदार. घोडा गेला की तो घरी. पण सरकारी पागेचे घोडे मेले तर ग्रीनने ते आणायचे कुठून? घोडदळाशिवाय त्या मुलखात शत्रू कुठे आहे हेसुद्धा कळत नव्हतं. पूर्वी मी ग्रीनला उद्दाम म्हणत असे. आजही निम्मं तसंच म्हणतो. लीच्या एका पत्रावर त्याने लुटीचा शब्द काढायला नको होता.

९ मेला ग्रीन नमतो, पण अर्धाच. नुकसान होणार असेल तर घोडे नकोत, तुम्हीच ठरवा. राजीनाम्यावर मात्र सुनावतो : युद्धाला सात वर्षं होत आली, मी तासाचीही रजा घेतली नाही, राज्य तुमचं आहे, पणाला सगळं तुमचं लागलंय.

दुसऱ्या दिवशी रॉडनने कॅम्डनचं ठाणं सोडलं. १२ मेला मॅरियन आणि लीने मिळून ब्रिटिशांचा फोर्ट मॉट घेतला. राजीनाम्याचा विषय मागे पडला. साठ घोडे खरंच होते का, यावर मात्र भांडायला मी अजूनही तयार आहे.