नळी सुटल्यावर: कुपोषित तान्ह्या बाळाच्या घरभेटी

पोषण पुनर्वसन केंद्रातून, म्हणजे कुपोषित बाळांना दाखल करून घेतात तिथून, सुट्टी मिळाली की पंधरा-पंधरा दिवसांनी चार वेळा दाखवायला बोलावतात. आमच्या पाहण्यात बाळाची घसरण होते ती पहिल्या बोलावण्याच्या आतच. त्यात आशा सेविकेच्या नेहमीच्या घरभेटी जन्मानंतर ४२व्या दिवशी संपतात आणि पुढची तिसऱ्या महिन्यात. दोन महिन्यांचं बाळ नेमकं मधल्या फटीत सापडतं. म्हणून कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर-निपाणीकडे, आम्ही सुट्टीनंतर तिसऱ्या दिवशीच घर गाठतो.

आधी काटा. टांगायच्या काट्यावर १०० ग्रॅमच्या खुणा. बाळ दिवसाला वाढणार २०-३० ग्रॅम. तीन दिवसांत काटा जागचा हलत नाही आणि घरात ठरतं, दूध आटलं. दुसऱ्या दिवशी बाटली येते. १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटाच न्यावा आणि बाळ पूर्ण उघडं करून मोजावं. कुंची नि ओली दुपटी वजनात धरली तर सगळा हिशेब चुकतो. काटा नसेल तर शू मोजा: नुसत्या अंगावरच्या दुधावर २४ तासांत सहा ते आठ वेळा.

मग पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचं. ‘पाजतेस ना गं?’ विचारलं तर ‘होय’च येणार. तोंड मोठं उघडलंय का, हनुवटी टेकलीय का, खालचा ओठ बाहेर वळलाय का, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो का. गिळल्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. गालाला खळी पडत असेल तर बाळ नुसतं बोंडशीच चोखतंय. एक बाजू पूर्ण रिकामी झाल्याशिवाय दुसरी नको, घट्ट दूध शेवटी येतं. दिवस-रात्र मिळून आठ-बारा वेळा, रात्रीचं चुकवायचं नाही.

काही बाळं नळीसकट घरी येतात: ८ नंबरची नळी, एक टोक स्तनाग्राला चिकटवलेलं, दुसरं वरच्या दुधाच्या वाटीत; बाळ अंगावर ओढता ओढता हेही दूध ओढतं. वाटी स्तनाग्राच्या खालीच हवी, आधी दहा सेंटिमीटर, मग हळूहळू तीसपर्यंत. वर धरली की दूध आपोआप वाहतं, बाळ ओढत नाही, अंगावरचं दूध वाढत नाही. नळी प्रत्येक वेळी सिरिंजने स्वच्छ पाणी सोडून, झटकून, उन्हात वाळवायची. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या पावसात ऊन कुठलं? तिथे नळ्या बदलत्या ठेवाव्या लागतात.

निपाणीत तंबाखूच्या वखारीतून किंवा विड्या वळून आलेल्या बाईने हात धुऊन लुगडं बदलूनच बाळ घ्यावं. मिश्रीचंही विचारा, निकोटीन दुधात उतरतं. मात्र हे सासूसमोर विचारू नये, कारण बऱ्याचदा डबी तिचीच असते.

सुट्टीचा कागद कन्नडात असतो. तो वाचून दाखवून भागत नाही, आईकडून मराठीत परत वदवून घ्यावा. आईच्या लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस, हे तिथेच राहून जातं.

लागोपाठ दोन भेटींत वजन थांबलं, पायावर सूज आली किंवा बाळ ओढेनासं झालं, तर पंधरवड्याची वाट न बघता त्याच दिवशी परत न्यायचं.