शिंगणापूरचं लाल तळं, शेंडेनक्षत्र आणि पसरणी घाट

ऑक्टोबर २०२४ ची ट्रिप आहे, लिहायला उशीर झालाय कारण आळस. पण दोघातिघांनी रूट विचारला म्हणून शेवटी बसलोच टाईप करायला. तेव्हा तो त्सुचिनशान-अॅटलस धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता, चीनमधल्या वेधशाळेनं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या दुर्बिणीनं २०२३ च्या सुरुवातीला शोधलेला तोच. साताऱ्यातले सगळे उठून कासला नाहीतर चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडं पळत होते. आम्ही उलट्या दिशेला, माणदेशात, शिखर शिंगणापूरला गेलो. त्याला कारण आहे आणि ते कारण सभासदाच्या बखरीत, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जुन्या चरित्रात आहे.

बखरीत शिवाजी महाराज गेले त्या दिवसाचं वर्णन येतं. पृथ्वी हादरली, आकाशात धूमकेतू उगवला, उल्का पडल्या, रात्री जोड इंद्रधनुष्यं निघाली, आणि शंभूमहादेवाच्या तळ्याचं पाणी 'रक्तांबर' (रक्तासारखं लाल) झालं, त्यातले मासे बाहेर पडले. शाळेत हे ऐकलं होतं पण ते तळं म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं, माण तालुक्यातलं शिंगणापूरचं, हे डोक्यातच आलं नव्हतं. भोसल्यांचं कुलदैवत आहे ना हे, तळंही मालोजीराजांनी बांधलेलं. मग म्हणलं धूमकेतू बघायचाच आहे तर तिथंच बघू.

गाडीत मी, बायको आणि मेहुणा पक्या. सातारा, कोरेगाव, वर्धनगडाचा घाट, पुसेगाव, दहिवडी, शिंगणापूर असा रूट. अडीच तास धरा, आम्हाला साडेतीन लागले कारण दहिवडीच्या अलीकडं पंक्चर, आणि स्टेपनीत हवा नव्हती. स्टेपनी निघायच्या आदल्या दिवशी बघा, सकाळी नको, सकाळी कोण बघतंय.

पंक्चरवाल्याकडं बसल्या बसल्या पक्या सुरू झाला. त्यानं कुठलातरी व्हिडिओ बघितला होता की शुक्र हाच पूर्वी धूमकेतू होता आणि तो पृथ्वीजवळनं गेला म्हणून जगभरच्या पुराणांत प्रलय, आगीचा पाऊस, रक्ताच्या नद्या आहेत. ही थिअरी नवीन नाही, इमॅन्युएल वेलिकोव्स्की नावाच्या माणसानं १९५० साली मांडली. त्याचं म्हणणं शुक्र गुरूतनं बाहेर पडला आणि इसवी सनापूर्वी १५०० च्या आसपास पृथ्वीजवळनं गेला. वाचायला भारी वाटतं. पण हॅलेच्या धूमकेतूचा गाभा १५ किलोमीटर लांबीचा आणि शुक्राचा व्यास १२,१०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच. शिवाय धूमकेतू लांबुळक्या कक्षेत फिरतात आणि शुक्राची कक्षा सगळ्या ग्रहांत जास्तीत जास्त गोल. मी एवढं सांगितल्यावर पक्या म्हणाला, "दाजी, तुम्ही सगळ्यातच खोड काढता." पंक्चरवाले आबा तेवढ्यात टायर हाणत म्हणाले, "शेंडेनक्षत्र बघायला चाललाय व्हय? आमची आजी बघू द्यायची न्हाय. राजा मरतो म्हणायची."

शेंडेनक्षत्र! किती वर्षांनी हा शब्द ऐकला. धूमकेतूपेक्षा कितीतरी चांगला, दिसतो तसाच आहे तो. आणि गंमत बघा, गणपतीच्या बारा नावांत धूम्रकेतु आहे, ते आपण रोज म्हणतो, आणि आकाशातला आला की दार लावून घेतो.

चारला पोचलो. दर्शनाला शनिवार असूनही गर्दी नव्हती. चैत्रात मात्र जाऊ नका, म्हणजे यात्रेसाठी जायचं तर जाच, पण आकाश बघायला नको, लाखांनी माणूस असतं आणि मुंगी घाटातनं कावडी चढतात त्याकडंच बघावंसं वाटतं. दर्शन झाल्यावर तळ्यावर गेलो. पाणी हिरवट, कडेला शेवाळाची साय धरलेली, मी काडीनं बाजूला केली तर ती फाटली नाही, पडद्यासारखी एकत्र सरकली आणि काडी काढल्यावर परत जागेवर आली. लाल बिल काही नाही.

पण तिथं उभं राहून एक विचार आला तो सांगतो, पटला तर घ्या. महाराज गेले ३ एप्रिल १६८० ला, चैत्र पौर्णिमेला. कावडी चढतात चैत्र शुद्ध द्वादशीला, म्हणजे तीनच दिवस आधी. तेव्हा हे तळं बघणारी माणसं भरपूर असणार, ऐन उन्हाळा, पाणी खाली गेलेलं. अशा साचलेल्या पाण्यात शेवाळ माजलं की काही वेळा पाणी लाल दिसतं, आणि त्याच वेळी पाण्यातला ऑक्सिजन संपून मासे मरतात. लाल पाणी आणि मेलेले मासे ही जोडी एकत्र येते हे कवीला सुचण्यासारखं नाही, हे कुणीतरी बघितलेलं वाटतं. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं आठवतंय का? तिथं पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले म्हणून सांगितलं. शिंगणापूरचं पाणी गोडं आहे, तिथले जीव वेगळे असतील, पण पाणी रंग बदलतं एवढं तरी खरं.

धूमकेतूचं मात्र जमत नाही. १६८० चा मोठा धूमकेतू गॉटफ्रीड कीर्शला जर्मनीत दिसला १४ नोव्हेंबरला, दुर्बिणीतनं सापडलेला पहिला धूमकेतू तो. सूर्याला वळसा घालून डिसेंबरअखेर त्याची शेपूट अशी पसरली की सगळ्या जगानं बघितली. म्हणजे महाराज गेल्यावर सात-आठ महिन्यांनी. आणि कृष्णाजी अनंत सभासद बखर लिहितोय १६९० नंतर, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरनं, मधे संभाजी महाराजही गेलेले. माझा अंदाज असा की त्या वर्षात जे जे अघटित बघितलं ते सगळं लोकांच्या आठवणीत एकाच दिवसावर येऊन बसलं. खोटं कुणी बोललं नाही, तारीख तेवढी सरकली. घरातलं माणूस गेल्यावर आपणही म्हणतोच ना, त्या दिवशी कुत्रं रडत होतं, आणि ते कुत्रं खरं म्हणजे आदल्या आठवड्यात रडलेलं असतं.

आता संध्याकाळ, मुद्द्याचं. आम्ही १९ ऑक्टोबर निवडली कारण कोजागिरी १६ ला होती. त्या दोन-तीन दिवसांत धूमकेतू जास्त तेजस्वी होता पण चंद्रानं वाट लावली असती. १९ ला सूर्य सहाच्या सुमाराला मावळला आणि चंद्र उगवला साडेसातनंतर, म्हणजे अंधाराची खिडकी मिळते जेमतेम अर्ध्या तासाची. पुढचा कुठलाही धूमकेतू असो, आधी चंद्र कधी उगवतो-मावळतो ते कालनिर्णयमध्ये बघा, मग सुट्टी टाका. लोक उलटं करतात.

आम्ही राहिलो त्या खोल्यांच्या बाहेर पार्किंगमध्ये हॅलोजन असा की सुई शोधावी. दहा मिनिटं बंद करा म्हणून हात जोडले तर मॅनेजर म्हणाला साप निघतात. बरोबर आहे त्याचं, पण मग आम्ही गावाच्या पश्चिमेला उतारावर मोकळ्या जागी गेलो. बूट घाला, तो साप म्हणाला ते खरं आहे. टॉर्चला लाल जिलेटिन पेपर लावा, नाहीतर डोळ्याला अंधाराची सवय व्हायला परत पंधरा मिनिटं जातात आणि तुमच्याकडं आहे अर्धा तास.

शुक्र आधी दिसला, चुकूच शकत नाही. हात लांब करून मूठ धरली की आकाशात साधारण १० अंश होतात, तर शुक्राच्या वर दोन मुठी. नुसत्या डोळ्यानं आधी काहीच नाही, मग तिरकं बघितल्यावर (थेट नाही, जरा बाजूला बघायचं) एक पुसट रेघ, खडूचं बोट फळ्यावर ओढल्यासारखी. १० बाय ५० च्या बायनॉक्युलरमधनं मात्र डोकं गोल, दुधाळ, आणि शेपूट वरच्या बाजूला, सूर्यापासनं लांब. बायनॉक्युलर हातात धरू नका, गाडीच्या टपावर उशी ठेवून टेकवा. मोबाईलला नाईट मोड, १० सेकंद, स्टँड विसरलो म्हणून चपलेला टेकवून काढला आणि तोच सगळ्यात चांगला आला.

तिथनं बेलफुलं विकणाऱ्या मावशी घरी चालल्या होत्या. बायकोनं त्यांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यो एकच हाय का लई हाईत?" पक्या हसला, पण हाच प्रश्न वराहमिहिरानं बृहत्संहितेत घेतलाय, सहाव्या शतकात. कुणी म्हणतात केतू, म्हणजे धूमकेतू, १०१, कुणी म्हणतात १०००, आणि नारद म्हणतो एकच आहे, तोच रूपं बदलून येतो. पुढं १७०५ ला हॅलेनं दाखवलं की १५३१, १६०७ आणि १६८२ चा धूमकेतू एकच. याच्यावरनं लगेच आपल्याकडं सगळं आधीच माहीत होतं असा फॉरवर्ड बनवू नका, नारदाकडं कक्षेचं गणित नव्हतं. आम्ही बघितला त्याची आधीची फेरी ८०,००० वर्षांपूर्वीची असेल असा हिशोब छापून आला होता.

दुसऱ्या दिवशी फलटण, लोणंद करत वाई. पक्याला म्हणलं तुला आगीचा पाऊस पाहिजे ना, चल खरा दाखवतो. वाईतनं पाचगणीला चढणारा पसरणी घाट म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक रचलेले. दख्खनच्या बेसॉल्टच्या (थिजलेल्या लाव्हाचा काळा दगड) वरच्या थरांना जगभरचे भूगर्भवाले 'वाई उपगट' म्हणतात, आपल्या ढोल्या गणपतीच्या वाईवरनं! काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनासोर संपले तोच. आणि त्याच सुमाराला मेक्सिकोत चिकशुलुबला १० किलोमीटरची उल्का आदळली, १८० किलोमीटरचं विवर झालं. १९८० साली अल्वारेझ बापलेकांच्या टीमनं त्या काळच्या मातीच्या थरातल्या इरिडियम धातूवरनं हे ओळखलं, विवर नंतर सापडलं. धूमकेतू नव्हता तो, लघुग्रह होता, २०२४ मध्येच त्या थरातला रुथेनियम धातू तपासून ते आणखी पक्कं केलं.

मग मारलं कुणी, त्या दगडानं की आपल्या लाव्हानं? लाव्हा आदळण्याच्या आधीपासनं वाहत होता आणि नंतरही वाहत राहिला, इथंपर्यंत भांडण नाही. पण मोठे लोट आधीचे की नंतरचे? २०१९ ला दोन टीमनी याच सह्याद्रीतले नमुने दोन वेगळ्या पद्धतींनी मोजले, एकीचं उत्तर आलं की मोठा लोट आदळण्याच्या थोडा आधी सुरू झाला, दुसरीचं आलं की बहुतेक लाव्हा नंतर आला. घाटात उभं राहून मला परत सभासदच आठवला. काय झालं ते सगळ्यांना मान्य, आधी काय नि नंतर काय यावर घोडं अडलंय.

दोन थरांच्या मधे कुठंकुठं तांबडी पट्टी दिसते. एक लाव्हा थंड झाला, त्याच्यावर माती झाली, मग पुढच्या लाव्हानं ती भाजली. पडलेला एक तुकडा हातात घेतला तर विटेच्या भुग्यासारखा चुरला, बोटं लाल. भिंतीतनं उकरू नका, दरड आहे ती. वळणावर गाडी अजिबात थांबवू नका, रविवारी पाचगणीची गर्दी घाटात नुसती घुसत असते, आम्ही एका चहाच्या टपरीजवळ लावून चालत मागं आलो. सकाळी नऊच्या आत जा. पावसाळ्यात हा भाग टाळा, थर छान दिसतात पण वरनं दगड येतात.

पक्यानं तो भुगा कागदाच्या पुडीत बांधला आणि गाडीत बसल्यावर पेननं वर '६ कोटी ६० लाख वर्षं' लिहिलं. जरा वेळानं पुढं 'अंदाजे' लिहिलं. पुडी मेणबत्तीच्या डब्यात ठेवली होती, बायकोनं दिवाळीच्या साफसफाईत रांगोळीत ओतली.