धरणाच्या पोटातला ओळंबा

आज कामानिमित्त एका दगडी धरणाच्या गॅलरीत, म्हणजे भिंतीच्या आतल्या बोगद्यात, उतरलो. भिंतींना पाझर, अंगावर काटा आणणारा गारठा आणि वरून थेट खाली सोडलेली पोलादी तार. टोकाचं वजन तेलात बुडवलेलं, झोके घेऊ नये म्हणून. गवंड्याचा ओळंबाच की हा!

धरण किती हललं, ते यावरून मोजतात. हो, धरण हलतं. पाणी भरलं की मिलिमीटरभर नदीच्या खालच्या अंगाला कलतं, उतरलं की मागे येतं. उन्हाथंडीनेही फरक पडतो. मागे आलं नाही, तर मात्र काळजी.

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयनेच्या भिंतीला तडे गेले होते. पुढे उंच भागाला काँक्रीटचा टेकू द्यावा लागला.

आता कल मोजणारी यंत्रं, टिल्टमीटर, आपोआप आकडे पाठवतात. तरी तिथले काका बॅटरी, वही घेऊन उतरतातच. मला विचाराल तर बरंच करतात.