बँकेतलं सुतारकाम

चेक्सचा शर्ट घातलेल्या गृहस्थांनी चेक दिला, की तो नीट चेक करायचा. बँकेत काउंटरला बसून नोकरीची सगळी वर्षं मी अशीच वाक्यं बोलत आले आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. निवृत्तीनंतर शब्दांचे कोश चाळायचा नाद लागला, तेव्हा कळलं की हे तिन्ही चेक एकाच घरातले. मूळ पुरुष म्हणजे बुद्धिबळातला फारसी शाह! आपण 'शह दिला' म्हणतो तोच. अरबी आणि जुन्या फ्रेंचमधून फिरत तो इंग्रजीत 'चेक' झाला. राजाला अडवणं, मग कुठल्याही गोष्टीला आवर घालणं, मग पडताळून पाहणं. खोट्या कागदांना आळा बसावा म्हणून ठेवलेल्या स्थळप्रतीला अठराव्या शतकात चेक म्हणू लागले आणि पुढे तेच नाव पैसे काढायच्या कागदाला चिकटलं. शर्टावरच्या चौकड्या आल्या त्या बुद्धिबळाच्या पटावरून.

पटाची गंमत पुढेच आहे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा खजिना ज्या टेबलावर मोजला जायचा, ते साधारण 10 फूट लांब आणि 5 फूट रुंद होतं. त्यावर चौकटी आखलेलं कापड. रोमन आकड्यांत बेरीज करायची म्हणजे डोक्याला ताप, म्हणून त्या चौकटींत सोंगट्या सरकवून हिशेब चाले. कापड पटासारखं दिसे, म्हणून त्या कचेरीचं नाव एक्स्चेकर. तिथला अर्थमंत्री आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर' आहे. काउंटर म्हणजेही मुळात मोजणीचं टेबल, आणि त्यावरच्या सोंगट्याही काउंटरच. ('प्रतिस्पर्ध्याला काउंटर केलं' मधला काउंटर मात्र वेगळा, 'विरुद्ध' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला. नाव सारखं, नातं काही नाही.)

आता टॅली. संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय घरी जायचं नाही, हे कॅशियरला सांगावं लागत नाही. पण ही टॅली म्हणजे चक्क लाकडाची काठी! बहुधा हेझेलच्या झाडाची. तिच्यावर खाचा पाडून रक्कम नोंदवायची: हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. पेनीला नुसता ओरखडा. मग काठी उभी चिरून पैसे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकेक भाग. हिशेबाच्या वेळी दोन्ही जोडल्या की खाचेला खाच भिडली पाहिजे. चिरताना लाकडाच्या रेषा जशा फाटतील तशा. दुसरी काठी आणून त्या कोण जुळवणार? सही जुळवण्यात माझे डोळे गेले, त्यामुळे मला ही पद्धत मनापासून पटली. लांब तुकड्याला म्हणत स्टॉक.

सरकारी कारभारात हा प्रकार 1826 पर्यंत टिकला. नंतर या काठ्यांचा ढीग नुसताच पडून राहिला. 16 ऑक्टोबर 1834 ला कुणीतरी ठरवलं की हा कचरा लॉर्डांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळून टाकावा. दिवसभर भसाभस काठ्या कोंबल्या, धुराडी तापली आणि संध्याकाळी अख्ख्या पार्लमेंटने पेट घेतला. जुन्या इमारतीचा बहुतेक भाग खाक झाला, वेस्टमिन्स्टर हॉल मात्र वाचला. आमच्याकडे जुनं रेकॉर्ड नष्ट करायला वरून मंजुरी का लागते, याला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

बँकेत पैसे देणारा-घेणारा टेलर म्हणजे मुळात मोजणारा. 'टेल'चा जुना अर्थच मोजणं. म्हणून 'अनटोल्ड वेल्थ' म्हणजे न सांगितलेली नव्हे, मोजदाद नसलेली संपत्ती.

आणि खुद्द बँक? इटलीतल्या सराफांचं बाकडं, 'बांका'. 'बँकरप्ट'चा मूळ अर्थ मोडलेलं बाकडं. दिवाळखोराचं बाकडं लोक खरोखर फोडायचे, ही गोष्ट रंगवून सांगतात, मी ती फार मनावर घेत नाही. पण बेंच, बँक आणि नदीकाठाची बँक ही एकाच जर्मानिक मुळाची भावंडं, हे नक्की. आपलं 'बाक' पोर्तुगीजांच्या 'बांकु'वरून आलेलं, म्हणजे तेही त्याच गोतावळ्यातलं. आमच्या शाखेत पेन्शनवाल्या आजोबांसाठी भिंतीलगत एक लाकडी बाक होतं. नूतनीकरणात ते काढून स्टीलच्या खुर्च्या बसवल्या. आजोबा अजून कुरकुरतात, आणि त्यांचं बरोबर आहे, पाठ टेकत नाही त्यांवर.