छान बोललीस की!

हळदीकुंकू झालं, वाण कपाटात गेलं, पण काकूंचं बोलणं काही डोक्यातून जात नाही. "अगं, किती छान बोललीस! एरवी उगाच घाबरतेस बघ." सगळ्यांनी माना डोलावल्या. जाऊबाईंनीसुद्धा.

कौतुकच होतं. मग घरी आल्यावर मला रडू का फुटलं?

मी बोलताना अडखळते, आणि काकूंना ते घाबरणं वाटतं. खरं तर उखाणा घेताना मी घाबरले होते तशी एरवी क्वचितच घाबरते. तळहात ओले, घसा कोरडा. तरी ह्यांचं नाव, ज्याच्या 'प्र'वर एरवी ओठ मिटतात ते उघडतच नाहीत, ते चालीत सरळ निघून गेलं. आरतीतही तसंच होतं. ठेका असला, सोबत चार आवाज असले की आम्हा अडखळणाऱ्यांपैकी बहुतेकांची जीभ मोकळी होते. त्यात धीटपणा कसला? उलट ताईशी फोनवर बोलताना भीती औषधालाही नसते, आणि तिच्याशीच मी सगळ्यात जास्त अडते. भीती आणि अडखळणं एकच असतं तर असं झालं असतं का?

पण लगेच दुसरं मन म्हणतं, तुळशीला पाणी घालताना स्वतःशी बडबडतेस तेव्हा कुठे अडतेस? २०२१ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनाही हेच दिसलं होतं: कुणी ऐकत नाही असं वाटलं की अडखळणारी मोठी माणसंही जवळजवळ अडखळत नाहीत. म्हणजे समोर माणूस असण्याशी काहीतरी संबंध आहेच. इथे आले की माझं डोकं चालेनासं होतं.

एवढं मात्र आठवतं, की चौथीपर्यंत मी अडखळायचे आणि तरी वर्गात पहिला हात माझा असायचा. भीती मागून आली. कुणी हसल्यावर, "सावकाश बोल" ऐकल्यावर, माझं वाक्य दुसऱ्यानेच पुरं केल्यावर. शंभरातली पाचेक मुलं लहानपणी अडखळतात, बहुतेकांचं आपोआप थांबतं. माझं थांबलं नाही. आई स्वतःलाच दोष देत राहिली... ते असू दे.

अडखळण्यात माझे फार तर काही क्षण जातात. भीतीने कितीतरी जास्त नेलं. 'कोथरूड डेपो'तला 'को' निघणार नाही म्हणून रिक्षावाल्याला 'वनाज' सांगायचं आणि पुढे पिशव्या घेऊन चालायचं. पोहे हवे असताना उपमा मागायचा. शब्द बदलत बदलत बोलले की लोकांना वाटतं, हिला आता काही त्रास नाही. जोसेफ शीहान नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, स्वतः अडखळणारे. ते याला हिमनग म्हणायचे: कानावर येतं ते थोडं, लाज आणि टाळाटाळ सगळी पाण्याखाली. काकूंना त्या दिवशी वरचं टोकही दिसलं नाही, एवढंच.

लिहिता लिहिता राग उतरला. मनापासून बोलल्या त्या. पुढच्या वेळी अडले तर म्हणतील, पुन्हा घाबरली. म्हणू देत.

रविवारी त्यांच्याकडे जायचंय. खायला काय करू, विचारतीलच. पोहे सांगणार आहे. लागेल तेवढा वेळ लागू दे, पण मधे शब्द पुरवायचा नाही, असं ह्यांना आत्ताच बजावून ठेवलंय.