डाव्या हातातली किटली

ज्या मुलामुळे गेले चार महिने माझे डोके ठिकाणावर नाही, त्याला मी पहिल्यांदा छायाचित्रातून कापूनच टाकले होते, हे आधी कबूल करतो.

काचेच्या जुन्या निगेटिव्ह साफ करून त्यांच्या डिजिटल प्रती तयार करणे हा माझा कोल्हापुरातला व्यवसाय आहे. शहरातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद पडल्यानंतर त्या घरच्या मंडळींनी माळ्यावरच्या दोन ट्रंका खाली काढल्या, त्यात चारशेच्या आसपास काचा निघाल्या आणि एका संस्थेने प्रदर्शनासाठी त्यांचे काम माझ्याकडे सोपवले. संस्थेला खरा रस होता तो वळिवड्याच्या कॅम्पमध्ये. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हाकलून नेलेली पोलिश कुटुंबे पुढे सुटली, इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि त्यांतली सुमारे पाच हजार माणसे १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात राहिली. त्यांत बहुतेक बायका आणि मुलेच होती, कारण हाती बंदूक धरू शकणारे पुरुष पोलिश सैन्यात भरती होऊन इटलीच्या आघाडीवर गेले होते. त्याच इटलीत आपल्या मराठा पलटणीही लढत होत्या. त्यामुळे एकाच ट्रंकेत, एकाच रंगवलेल्या पडद्यासमोर बसलेली पोलिश आई आणि रजा संपवून परत निघालेला खाकीतला जवान असे शेजारी शेजारी सापडतात, आणि त्या दोघांनाही छायाचित्रकाराने एकाच खुर्चीवर हात ठेवायला लावलेला असतो.

ज्यांनी काच हाताळलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच इंच रुंद आणि साडेसहा इंच लांब अशी काच. तिच्या एका बाजूला जिलेटिनचा थर असतो आणि त्या थरातल्या चांदीच्या कणांनी चित्र तयार झालेले असते. दुसरी बाजू नुसती काच. थराची बाजू मंद दिसते आणि काचेची चकाकते, त्यामुळे उजेडात तिरपी धरली की फरक कळतो, असे शिकाऊ मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. पण जुने रिटचिंगवाले या साध्या नियमाला सुखाने जगू देत नाहीत. गालावरच्या सुरकुत्या शिसपेन्सिलीने बुजवण्यासाठी ते थरावर वार्निश लावत, त्यामुळे तो चकाकू लागे; आणि आभाळ किंवा सावली हलकी करण्यासाठी उलट्या बाजूला मॅट वार्निश चढवून त्यावर पेन्सिल चालवत, त्यामुळे काच मंद दिसू लागे. अशी प्लेट डोळ्यांना सरळसरळ फसवते. खात्री करायची तर बोटात मोजे घालून ती कडेला धरायची आणि कोपऱ्यावर, जिथे वार्निश पोहोचलेले नसते तिथे, हलका श्वास सोडायचा; काचेवर वाफ लगेच धरते, जिलेटिनवर तशी धरत नाही. प्लेट चुकीच्या बाजूने स्कॅन झाली आणि पुढे ती उलटवायची राहून गेली की आरशात दिसते तसे डावे उजवे होते. चित्रात पाटी किंवा घड्याळ असेल तर चूक क्षणात पकडली जाते. नुसती माणसे असतील तर पकडणारे कोणी नसते.

ही प्लेट स्टुडिओबाहेरची होती. एका लांबलचक बराकीपुढे तीन पोलिश बायका उभ्या आहेत, मधलीच्या हातात भांडे आहे, आणि चौकटीच्या अगदी डाव्या कडेला, अर्धा आत अर्धा बाहेर, दहा-बारा वर्षांचा एक सावळा मुलगा हातात दुधाची किटली घेऊन उभा आहे. छायाचित्रकाराला तो दिसला नसावा, असे मला वाटते. तिपाईवरच्या त्या कॅमेऱ्यात डोक्यावर काळे फडके घेऊन मागच्या घाशीव काचेवर चित्र पाहावे लागे, तेही खाली डोके वर पाय असे, आणि प्लेट चढवल्यानंतर तर काहीच दिसत नसे. तेवढ्यात कोणी कडेने आत शिरला तर शिरला. संस्थेतल्या संबंधित अधिकाऱ्यांनी यादी पाहून कळवले की प्रदर्शनासाठी चित्र स्वच्छ हवे, कडेचा अडथळा काढून टाकावा. मी निमूटपणे काढला. त्या वेळी मलाही तो अडथळाच वाटला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्या धंद्यात स्वच्छ या शब्दाने जेवढे नुकसान केले आहे तेवढे वाळवीनेही केलेले नाही. अलीकडे तर लोक मोबाईलवर आजोबांचा फोटो टाकून त्याला रंग आणि हसू चढवून घेतात, आणि मूळ प्रत कुठे आहे असे विचारले की खांदे उडवतात.

कापलेल्या मोठ्या प्रती संस्थेकडे गेल्या होत्या, म्हणून जुन्या माणसांना दाखवण्यासाठी वळिवड्याला जाताना माझ्या पिशवीत कामापुरत्या काढलेल्या, न कापलेल्या लहान प्रती होत्या. हा केवळ योगायोग. गावातल्या एका ओळखीच्या शिक्षकांनी ज्या घरी नेले तिथल्या आजी नव्वदीला टेकलेल्या होत्या. ऐकू कमी येत होते, नजर मात्र चष्म्याशिवाय चालत होती. मी एकेक प्रत पुढे करून ठरलेले प्रश्न विचारू लागलो. ही बराक कुठे होती, या बायका कोण, या काय विकत घेत. आजी तोंडदेखले हुंकार देत होत्या. ही प्रत हातात आल्यावर मात्र त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली आणि बायकांवर एकदाही नजर न टाकता कडेवर बोट ठेवले.

"ह्यो आमचा दादा."

मी विचारले, "आजी, चेहरा तर अर्धाच आहे. कशावरून म्हणता?"

"आरं किटली बघ की कुठल्या हातात हाय. डावखुरा हुता त्यो. आई मारायची, दूध डाव्या हातानं द्यायचं न्हाई म्हणून. घरातनं निघताना उजव्या हातात घ्यायचा आन् बोळ वलांडला की डाव्या."

नंतर तासभर त्या बोलत राहिल्या आणि माझी प्रश्नावली पिशवीतच राहिली. घरात दोन म्हशी होत्या आणि दादाच्या मागोमाग त्या स्वतः मोजायचे माप घेऊन कॅम्पापर्यंत जात. एक गोरी बाई रोज दुधात बोट बुडवून पाणी घातले आहे का ते पाहत असे, आणि घातलेले असेच, असे सांगताना आजी तोंडाला पदर लावून हसल्या. मोजणी बोटांवर होई. पुढे त्या बाईला पावशेर हा शब्द येऊ लागला आणि यांना तिच्या भाषेतला एक शब्द येऊ लागला, जो आता आठवत नाही. युद्धाच्या काळात तांब्याची टंचाई झाली तेव्हा निघालेला भोकाचा पैसा यांनी प्रथम त्या बाईच्या हातात पाहिला, आणि दादाने असे चार पैसे करदोट्यात ओवून कमरेला बांधले होते. रॉकेल मिळत नसे, कापड कंट्रोलचे होते, आणि त्या बायकांच्या बराकीत रात्री गाणी चालत तेव्हा गावातली मुले दूर बांधावर बसून ऐकत. त्यांचे नवरे लढाईवर आहेत, एवढे या मुलांना माहीत होते. लढाई कुठे आहे, हे माहीत नव्हते.

दादा गेला तो मुदतीच्या तापाने. साल सांगता येईना. पण मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला तेव्हा तिथे हमाली करणारा धाकटा चुलता घाबरून गावी परतला होता, आणि त्याच पावसाळ्यात दादा गेला, असे त्यांनी सांगितले. तो स्फोट १४ एप्रिल १९४४ चा. म्हणजे चित्र त्या पावसाळ्याच्या आधीचे असायला हवे, आणि स्टुडिओच्या नोंदवहीतली नेमकी ती वर्षे वाळवीने खाल्लेली आहेत. दादाचा दुसरा एकही फोटो घरात नव्हता. चार दिवसांनी मी त्या मुलाचाच भाग मोठा करून, चांगल्या कागदावर छापून आणि चौकट घालून नेऊन दिला. आजींनी तो देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवायला लावला. सुनेने चहा दिला. मोटारसायकलवरून परतताना मी स्वतःवर फार खूश होतो.

ती खुशी आठवडाभर टिकली. नोंदी भरताना त्या तीन बायकांपैकी मधली बाई स्टुडिओतल्या आणखी एका प्लेटवर सापडली आणि दोन्ही नोंदी जोडण्यासाठी मी दोन्ही चित्रे पडद्यावर शेजारी लावली. स्टुडिओतल्या चित्रात तिची अंगठी उजव्या हातात आहे. बराकीपुढच्या चित्रात डाव्या. केसांचा भांगही विरुद्ध बाजूला. आधी मला वाटले की स्टुडिओतलेच उलटे झाले असेल, कारण ख्रिस्ती लोक लग्नाची अंगठी डाव्या हातात घालतात अशी माझी सिनेमे पाहून झालेली समजूत होती. मग कळले की पोलंडमध्ये ती उजव्या हातात घालतात आणि नवरा गेल्यावर पुष्कळ बायका डाव्या हातात घेतात. म्हणजे दोन चित्रांच्या मधल्या काळात तिला इटलीहून तार आली असणेही शक्य होते. काही मिनिटे मी खरोखर त्या तारेचा विचार करत बसलो. पण अंगठी हात बदलते, भांग सहसा बदलत नाही.

चार पाकळ्यांचा लिफाफा उघडून मी प्लेट बाहेर काढली, जिथे क्रमांक कोरलेला असायचा तो कोपरा तुटलेला होता, म्हणून दुसऱ्या कोपऱ्यावर श्वास सोडला. जी बाजू मंद होती आणि जिला आम्ही थर समजलो होतो, तिच्यावर वाफ धरली. मॅट वार्निशने फसवले होते. स्कॅन शिकाऊ मुलाने केले होते, पण तपासल्याची सही माझी आहे, आणि वाफेची परीक्षा त्याला मी शिकवली असली तरी घाईच्या दिवसांत ती गाळतानाही त्याने मलाच पाहिले आहे. प्रदर्शनातले चित्रही उलटेच लागले होते. संस्थेला कळवले तेव्हा उत्तर आले की पाहणाऱ्यांना काही फरक पडणार नाही.

तर तो मुलगा चौकटीच्या उजव्या कडेला उभा होता आणि त्याने किटली उजव्या हातात धरली होती.

दीड महिना मी वळिवड्याकडे फिरकलो नाही. नव्वदीच्या बाईच्या कोनाड्यातून भाऊ काढून घ्यायला जायचे कसे, हे घरात विचारले तर बायको म्हणाली की जाऊच नका, आणि शिक्षक म्हणाले की खरे ते सांगितलेच पाहिजे. दोघांचेही पटत होते. शेवटी सुलट प्रत घेऊन गेलो आणि आरशाचा सगळा प्रकार मोठ्या आवाजात समजावून सांगितला. आजींनी तो कितपत ऐकला देव जाणे. त्यांनी कोनाड्यातली चौकट मागवली, मांडीवर दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ पाहिल्यावर सुलट प्रतीवर बोट ठेवून म्हणाल्या,

"ह्यो थोरल्या चुलत्याचा पोरगा. ह्यो बी दूध घालायचा. ह्यो उजवा."

"आणि हा?" मी चौकटीकडे बोट केले.

"ह्यो दादा न्हवं का."

सून माझ्याकडे पाहत होती, मी सुनेकडे. एकाच मुलाची दोन चित्रे आहेत, हे मी पुन्हा एकदा सांगून पाहिले. आजी म्हणाल्या, "व्हय, सारखंच दिसायचे दोघं," आणि चौकट परत कोनाड्यात ठेवायला दिली.

थोरल्या चुलत्याचा तो मुलगा पुढे म्हातारा होऊन वारला. त्याचे घर दोन बोळ पलीकडे आहे आणि भिंतीवर त्याचा साठीतला फोटो आहे. तिथेही जाऊन आलो. कानाची पाळी जुळते असे एकदा वाटते, भिंगाखाली पाहिले की तिथे नेमका वार्निशचा ओघळ येतो. उजव्या हातात किटली असण्याने दादा बाद होतो असेही नाही, कारण बोळ ओलांडेपर्यंत तो उजव्याच हातात धरत असे आणि गोऱ्या बायकांपुढे उभा असताना त्याला आईचा मार आठवला असेल तर नवल नाही.

संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये व्यक्तीच्या रकान्यात एका चेहऱ्याला एकच नाव बसते आणि रकाना मोकळा ठेवला तर नोंद पुढे सरकत नाही. मी तिथे सध्या 'स्थानिक मुलगा' एवढेच भरले आहे. लिफाफ्यावर मात्र मऊ पेन्सिलीने दोघांची नावे लिहिली आहेत, कोणत्या प्रतीवरून कोणाची ओळख पटली तेही लिहिले आहे, आणि प्लेटची थराची बाजू कोणती ते बाण काढून दाखवले आहे.