गटाचे पैसे खात्यावर झोपवू नका

बचत गट चार-पाच वर्षांचा झाला की अध्यक्षताई मोठ्या अभिमानाने पासबुक दाखवतात: ऐंशी हजार शिल्लक. त्याच गटातल्या दोघी-तिघी मात्र सावकाराकडून शेकडा पाचने पैसे उचलत असतात. गट चांगला चाललाय की नाही, हे मला शिल्लक बघून कळत नाही. पैसा फिरतो किती, ते बघावं लागतं.

पैसा न फिरवण्यामागे बहुतेक वेळा एकच भीती असते, ‘संपला तर?’ त्यात आणखी एक गैरसमज असतो की खात्यावर पैसे दिसले नाहीत तर बँक कर्ज देणार नाही. खरं तर अंतर्गत कर्जव्यवहार, म्हणजे गटाच्याच पैशातून सदस्यांना कर्ज देणं, हा बँक कर्जाआधी गटाची जी प्रतवारी करते त्यातला एक निकषच आहे. बैठका, बचत, परतफेड आणि हिशेबाच्या वह्या यांच्याबरोबर तोही तपासतात. सदस्यांकडे कर्जाऊ गेलेली रक्कम गटाच्या निधीतच धरली जाते. ती कुठेही ‘गेलेली’ नसते.

हिशेब मांडून बघा. दहा हजार रुपये सावकाराकडून घेतले तर महिन्याला ५०० रुपये व्याज, आणि ते घराबाहेर जातं. गटाने शेकडा एकने दिले आणि दहा हप्ते पाडले, तर पहिला हप्ता १,१००, दुसरा १,०९०, असं उतरत जाऊन एकूण व्याज ५५० होतं. हे ५५० रुपये गटातच राहतात. महिन्याच्या बचतीइतकी रक्कम दवाखान्यासाठी हाताशी ठेवावी, बाकीची फिरवावी.

बँकेचं कर्ज आलं की दुसरा घोळ होतो. बारा जणी, १,२०,००० रुपये, प्रत्येकीला दहा-दहा हजार. दिसायला न्याय दिसतो, पण गट मोडायला सुरुवात इथूनच होते. पिको-फॉलची मशीन आणि कपड्याचा माल घ्यायचा त्या बाईला दहा हजार पुरत नाहीत. जिला गरजच नाही, ती ते पैसे शेजारणीला जास्त व्याजाने देते किंवा लग्नात उडवते. सहा महिन्यांत दोघींचेही हप्ते थकतात. सगळ्या जणी आपापला वाटा आत्ताच मागतात, कारण पुढे आपली पाळी येईल यावर कुणाचा भरवसा नसतो. म्हणून पाळीच लिहून ठेवायची: कुणाला जूनच्या आत बियाणं, कुणाला शाळेची फी, कुणाला दिवाळीआधी माल. ही यादी बैठकीत मोठ्याने वाचायची आणि इतिवृत्तात सह्या घ्यायच्या.

समजा, पहिल्या चौघींना तीस-तीस हजार दिले, १५ हप्ते, प्रत्येकीची महिन्याला दोन हजार मुद्दल. गटाकडे दरमहा आठ हजार येतात. बँकेची मुदत २४ महिन्यांची असेल तर पाच हजार मुद्दल तिकडे जाते. दोन्हीकडचा व्याजदर शेकडा एकच्या आसपास असेल तर व्याजाला व्याज भागतं. उरले तीन हजार. त्यात बारा जणींची दोनशेप्रमाणे बचत, २,४००. म्हणजे दर महिन्याला ५,४०० रुपये नवीन कर्जासाठी मोकळे. दोन महिन्यांत पुढची बाई दहा हजार घेऊ शकते. हा तक्ता फळ्यावर खडूने मांडला की ‘आत्ताच द्या’ हा आग्रह बराच निवळतो.

पदांचंही तेच. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष वर्षानुवर्षं त्याच, कारण ‘दुसऱ्या कुणाला जमत नाही’. जमणार कसं? रोकड वही आणि कर्ज नोंदवही कुणाच्या हातातच देत नाहीत. जिला वही लिहायची सवय नाही, तिला तीन बैठका जुन्या सचिवांशेजारी बसवून लिहायला लावा. पदाधिकारी बदलायचा ठराव मुदतीच्या महिनाभर आधी करा. नवीन सह्या आणि कागदपत्रं बँकेत अडकली की तेवढे दिवस व्यवहार ठप्प होतात, आणि मग ‘जुन्याच राहू द्या’ असं ठरतं!

गावातल्या नव्या बायकांना जुन्या गटात घेणं मात्र खरोखर अवघड आहे, कारण साठलेल्या व्याजात हिस्सा कसा द्यायचा यावर भांडण ठरलेलं. त्यांचा वेगळा गट काढून द्यावा आणि पहिले काही महिने आपली एक बाई वही लिहायला पाठवावी. ‘आपली पापडाची गिऱ्हाइकं त्या पळवतील’ असं कुणीतरी म्हणतंच. पण दोनशे किलोची ऑर्डर आली की एका गटाच्या लाटणाऱ्या पुरत नाहीत, तेव्हा हाच गट कामाला येतो. दर आणि पापडाचं माप तेवढं आधी ठरवून घ्या, नाहीतर एकाच ऑर्डरमध्ये दोन आकाराचे पापड जातात आणि दुकानदार अख्खा माल परत पाठवतो.